जालूदादांच्या तारा

मी बेस गिटार वाजवतो असं सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "म्हणजे गिटारच ना?" मग तिच्याकडे नीट बघून विचारतात, "पण हिला चारच तारा कशा?" दोन तुटल्या असाव्यात, असं काहींना प्रामाणिकपणे वाटतं. माझ्या सासूबाई तर अजूनही शेजारणींना "आमचे जावई मोठी सतार वाजवतात" असं सांगतात. मी दुरुस्त करत नाही. या वाद्याचं नशीबच तसं आहे. भाजीतल्या मिठासारखं ते गाण्यात असतं. असलं तर कुणी नाव काढत नाही आणि नसलं तर काय बिघडलंय ते चटकन सांगता येत नाही.

असल्या वाद्याच्या नादी लागलेली आम्ही सात-आठ माणसं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत विखुरलेली आहोत. मी साताऱ्यात एका पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवतो. सांगलीच्या सुहासचं औषधांचं दुकान आहे. फलटणचा प्रमोद साखर कारखान्यात फिटर आहे. मोबाइलवर आमचा 'खर्ज' नावाचा ग्रुप आहे आणि त्यावर दिवसभर जे चालतं ते बाहेरच्या माणसानं वाचलं तर तो आम्हाला मिरजेच्या एखाद्या वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊन सोडेल. तारेचा आवाज पकडणारा कुठला पिकअप गोड, कुठल्या तारा टिकाऊ, लाकडावरचं पॉलिश चकचकीत असावं की मॅट, आणि त्या पॉलिशनं आवाजात फरक पडतो की नाही. या शेवटच्या मुद्द्यावर सुहास आणि प्रमोद एकदा सव्वा महिना एकमेकांशी बोलत नव्हते.

या सगळ्या भांडणांचं मूळ एकच, टोन. टोन म्हणजे आवाजाचा पोत. तोच सूर, तीच तार, पण एकाच्या हातून निघाला की नुसता वाजतो आणि दुसऱ्याच्या हातून निघाला की पोटात जाऊन बसतो. आम्ही टोनच्या मागे आयुष्यभर पळत होतो, आणि तो ज्याच्याकडे होता असा आमच्या ओळखीत एकच माणूस होता. तो ग्रुपवर नव्हता, कारण त्याच्याकडे बटणांचा फोन होता. जालिंदर हे त्यांचं नाव. आम्ही सगळे त्यांना जालूदादा म्हणायचो.

जालूदादांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीत, बायकोच्या मावसभावाच्या लग्नाच्या रिसेप्शनला. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं. मी पंगतीत बसलो होतो, समोर जिलेबी होती, आणि स्टेजवर कुठलासा ऑर्केस्ट्रा वाजत होता. गायक बेताचा, कीबोर्डवाला घाईवर आलेला. पण खालून काहीतरी येत होतं. मऊ, जाड, कोरडं. एकेक सूर पडत होता आणि पडल्या जागी बसत होता. मी जिलेबी टाकून उठलो. बायकोनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, ड्रमवाल्याच्या शेजारी, एक उंच, किडकिडीत माणूस ताठ उभा होता. पन्नाशी उलटलेली, मिशी पांढरी, कपडे साधे. गळ्यात गिटार, आणि गिटारीचा रंग फौजी गाडीचा असतो तसा हिरवा. ब्रशानं मारलेला. ब्रशाचे फराटेसुद्धा दिसत होते. आम्ही पॉलिशवरून सव्वा महिना अबोला धरणारी माणसं, आणि हा माणूस ऑइलपेंट मारलेल्या फळीतून असला आवाज काढत होता.

गाणी थांबल्यावर मी मागे गेलो आणि आमच्या जमातीची माणसं पहिला विचारतात तोच प्रश्न विचारला. "तारा कुठल्या लावल्यात?"

"तारा?" त्यांनी खाली वाकून गिटारीकडे अशी नजर टाकली की जणू तारा आहेत हे त्यांना आत्ताच कळत होतं. "त्या हायत की."

"नाही, कंपनी कुठली? कधी बदललेल्या?"

"बदलायच्या कशाला? थोरलीच्या बारशाच्या वर्साला लावल्यात. ती आता कालेजात जाती."

मी महिन्या-दीड महिन्याला तारा बदलणारा माणूस. मला वाटलं थट्टा करतायत. मी बोटानं तार चाचपली. ती वरून चपटी पट्टी गुंडाळलेली, सपाट वेटोळ्याची तार होती, काळपट पडलेली, आणि अठरा वर्षांच्या घामानं तिच्यावर चक्क थर चढला होता. तारांच्या खाली, मागच्या बाजूला, घोंगडीच्या तुकड्याची घडी खोचलेली होती. तार फार वेळ झणझणू नये म्हणून आवाज दाबायला आम्ही तिथे स्पंज लावतो. हे घोंगडी लावायचे.

"आमची मेंढरं गेली," ते म्हणाले, "घोंगडं तेवढं ऱ्हायलं. वाया कशाला घालवा?"

त्यांचं चरित्र मला फारसं ठाऊक नाही. माण तालुक्यातल्या धनगराच्या घरात जन्म, पलटणीत भरती, तिथे बँडमध्ये. बँडचा बेसवाला आजारी पडला तेव्हा साहेबानं रांगेतल्या सगळ्यांना हात पुढे करायला लावले आणि ज्याची बोटं लांब त्याच्या गळ्यात गिटार घातली. निवृत्त होताना बँडमधली कंडम ठरलेली गिटार त्यांनी मागून घेतली. शालनवहिनी मिरजेत नर्स होत्या, म्हणून बिऱ्हाड मिरजेत. दिवसा एका दवाखान्याच्या फाटकावर सिक्युरिटीची नोकरी आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा. एवढंच त्यांनी सांगितलं, तेही मी चार वर्षं खोदून खोदून विचारलं म्हणून.

बोलणं त्यांना फारसं जमायचं नाही आणि आवडायचंही नाही. त्यांचं बोलणं हातानं चाले. पलटणीच्या बँडची सवय. उजवा हात तारांवर गुंतलेला असेल तर डावा क्षणभर गिटारीच्या गळ्यावरून सुटायचा आणि ड्रमवाल्याला हुकूम द्यायचा. तळवा जमिनीकडे दाबला की हळू. मूठ पाठीमागे गेली की पुढच्या फेरीला बंद. आवाज कसा हवा हेसुद्धा ते हातानंच सांगायचे. बरगड्या जिथे संपतात त्या खळग्यात चार बोटं रुतवून म्हणायचे, "हितं लागाय पायजे. कानाला लागलं तर त्ये चुकलं."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं, आणि ते नुसतं बोलून दाखवायचं नाही हेही त्यांना कळत होतं. एका लग्नात गायक फार चढला होता. पुन्हा पुन्हा माइकवरून सांगायचा, "बेस कमी करा, बेस कमी करा." दादांनी दोनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी गाण्याच्या मधोमध उजवा हात तारांवरून उचलला आणि खिशात घातला. ड्रम चालू, कीबोर्ड चालू, गायक चालू. पण समोर नाचणारी माणसं ढिली पडायला लागली. कुणाला काही कळेना. एक जाडजूड गृहस्थ नाचता नाचता थांबले आणि स्वतःच्या पायांकडे बघायला लागले. अर्ध्या मिनिटानं दादांनी हात खिशातून काढला, एक सूर टाकला, आणि माणसं पुन्हा नाचायला लागली. गायकानं त्या दिवशी पुन्हा बेसचं नाव काढलं नाही. मी नंतर हसून विचारलं तर म्हणाले, "मी काय केलं? मी गप ऱ्हायलो."

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सगळे मिरजेत रशीदभाईंच्या कारखान्यात जमायचो. रशीदभाई तंबोरे घडवतात. वर भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि सगळीकडे लाखेच्या पॉलिशचा वास. त्या वासात बसून आम्ही विजेच्या वाद्यांविषयी भांडायचो आणि रशीदभाई पायाच्या चिमटीत भोपळा धरून हसत बसायचे. "आमची जिंदगी गेली तार बोलती करण्यात," ते म्हणायचे, "आणि हा माणूस घोंगडी कोंबून तिला गप करतोय."

आम्ही बोलायचोही चमत्कारिक. टोनला शब्द नसतात, म्हणून सगळे हात वापरायचे. सुहास हवेत लाडू वळायचा, म्हणजे गोल आवाज. प्रमोद मूठ आवळून मांडीवर मारायचा. मी बोलता बोलता टेबलाच्या कडेवर डाव्या हातानं सूर दाबत असायचो. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं आम्हाला पहिले दोन-तीन महिने मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेचे मास्तर समजून खुणांनीच साखर किती ते विचारलं. जालूदादांनीही त्याला खुणेनंच उत्तर दिलं, आणि त्याचा गैरसमज दूर करू नका म्हणून आम्हाला ताकीद दिली.

एका रविवारी मी माझी नवी गिटार नेली. लाकडाच्या रेषा मधासारख्या दिसणाऱ्या, वर काचेसारखं पॉलिश, चाराऐवजी पाच तारा, त्या आदल्याच दिवशी बदललेल्या. सगळ्यांनी हात धुऊन घेतले आणि मग हातात घेतली. जालूदादांनी मांडीवर ठेवली, तीन सूर वाजवले आणि परत दिली.

"का, दादा?"

"लय बोलतीया," ते म्हणाले. "फोटोला चांगली हाय."

प्रमोद तेव्हा इतका हसला की रशीदभाईंनी त्याला बाहेर पाठवलं. मीही हसलो. पण ऐकायचं ते मी ऐकलं नाही. त्या माणसाच्या हातातसुद्धा नवी तार तशी वाजली नव्हती, हे त्या दिवशी माझ्या कानांसमोर घडलं होतं. टोन बोटात असतो की लाकडात असतो की तारेत असतो यावर मी त्यानंतरही शेकडो मेसेज लिहिले. शिकवणाऱ्या माणसाला शिकता येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, भर दुपारी, दवाखान्याच्या फाटकावरच्या केबिनमध्ये जालूदादांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर पन्नास पावलांवर. पण दादा खुर्चीत ताठच बसून राहिले होते, रोज बसायचे तसे, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाला काही वेगळं वाटलं नाही. किती वेळ गेला ते कुणालाच सांगता येत नाही. वहिनींची ड्यूटी संपली आणि त्या डबा घेऊन जायला आल्या तेव्हा त्यांना कळलं.

जीव वाचला. जीभ जड झाली, पण समजून घेतलं तर कळायचं. डावा पाय ओढत ओढत थोडा आला. डावा हात मात्र गेला. बेस वाजवणाऱ्याचा डावा हात सूर दाबतो आणि उजवा तार छेडतो. उजवा शाबूत होता. आम्ही भेटायला गेलो तेव्हा दादांनी उजव्या हातानं डावा उचलून आम्हाला दाखवला आणि सोडला. तो चादरीवर पडला. "लाकूड," ते म्हणाले. "टाचनी टोचली तरी कळत न्हाई."

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं की बोटांना काहीतरी ओळखीचं काम देत राहा, आलाच तर थोडा जोर येईल. "आलाच तर" हे शब्द तिनं दोनदा उच्चारले होते. मी ते सोडून उरलेलं वाक्य घेऊन साताऱ्याला आलो.

आणि मग मी विचार केला. मी वर्कशॉपचा माणूस, मला प्रश्न दिसला की पाना दिसतो. दादांच्या तारा जाड, गळ्यापासून उंच, दाबायला धडधाकट माणसालाही बोटं दुखवणाऱ्या. अशक्त हातानं त्या कशा दाबायच्या? तारा पातळ लावल्या, उंची कमी केली, गळा सरळ केला, तर निम्म्या जोरात काम होईल. प्रमोदला आणि सुहासला पटलं. वहिनींना मी "सर्व्हिसिंग करून आणतो" म्हणून सांगितलं आणि गिटार घेऊन आलो. दादा तेव्हा झोपले होते.

रशीदभाईंना वाटेत दाखवली. त्यांनी गिटार हातात घेतली, हिरव्या रंगावरून तळवा फिरवला आणि विचारलं, "त्यांना विचारलं का?"

"सरप्राइज द्यायचंय," मी म्हणालो.

रशीदभाईंनी गिटार परत दिली आणि ते भोपळ्याकडे वळले.

नवी तार चढवताना जुनी कशी काढतात ते सांगितलं पाहिजे. तार ढिली करायची आणि कटरनं मधोमध कापायची, म्हणजे दोन्ही तुकडे आपसूक निघून येतात. आम्ही सगळेच तसं करतो. जुनी तार कुणाला हवी असते? मी चार तारा चार वेळा कटर दाबून कापल्या आणि तुकडे वर्कशॉपच्या भंगाराच्या पिंपात टाकले. गळ्यावरचा मळ लिंबाच्या तेलानं साफ केला. घोंगडीचा तुकडा तेवढा जिथल्या तिथे ठेवला आणि त्याबद्दल स्वतःचं कौतुकही केलं. ते हात माझेच होते, याची मला आज लाज वाटते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे मिरजेला गेलो. वहिनींनी दादांना पाठीला उशी देऊन बसवलं. मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि छोटा ॲम्प्लिफायर लावला. त्यांचा चेहरा, उजवी बाजू तरी, उजळला. त्यांनी डाव्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा हात उचलला, पहिल्या दोन बोटांनी सगळ्यात जाड तार छेडली, आणि सूर निघाला. स्वच्छ, लांबलचक, घंटेसारखा. कुठल्याही दुकानात कुठल्याही नव्या बेसमधून निघेल तसा.

त्यांनी पुन्हा छेडली. मग तारेवरून नख फिरवलं.

मी बोलायला लागलो. पातळ तारा, कमी उंची, डाव्या हाताला किती सोपं जाईल, वगैरे. वर्गात फळ्यासमोर बोलतो तसा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जड जिभेनं विचारलं, "जुन्या?"

"काढल्या, दादा."

"कुटं हायत?"

मी ॲम्प्लिफायरचं बटण उगाच फिरवलं.

"कापल्या?"

मी मान डोलावली. प्रमोद जमिनीकडे बघत होता. दादांनी उजवा तळवा तारांवर ठेवून आवाज बंद केला, आणि हात तसाच ठेवला. कपाळावर आठीसुद्धा नाही. रागावले असते तर मी त्यांचे पाय धरले असते.

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चहा गाळत होत्या. त्यांना बाहेर काय झालं ते कळलं नव्हतं. "बरं केलंसा तुमी आणून दिली ती," त्या म्हणाल्या. "रोज एकच चाललंय त्यांचं. म्हनत्यात, डावा हात येत न्हाई, मला ठावं हाय. खरं उजव्यानं जाड तार उघडीच वाजवीन. सूर दाबायची गरज न्हाई. ती एक तार वाजली तरी मला पुरं हाय म्हनत्यात."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी त्यांना तारा कापल्याचं सांगितलं. त्यांना आधी नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. जो हात येणार नव्हता त्याच्या सोयीसाठी मी उरलेल्या हाताचा घास काढून घेतला होता.

"तसल्याच दुसऱ्या मिळत न्हाईत का?" वहिनींनी विचारलं.

"बघतो," मी म्हणालो.

बघितलं. साताऱ्यात पोचल्या पोचल्या भंगाराचं पिंप बघितलं, ते रिकामं झालं होतं. भरलेलं असतं तरी दोन तुकड्यांचा उपयोग काय होता? मग ग्रुपवर विचारलं, कुणाकडे वापरून वापरून आवाज मेलेल्या सपाट तारा आहेत का. आठ माणसं, सगळ्यांची मिळून शंभरएक वर्षांची साधना, आणि कुणाकडे एक जुनी तार नाही. आम्ही सगळे दर महिन्याला तारा बदलणारे, आणि बदलताना कापणारे. शेवटी दादांच्या जाडीच्या, तसल्याच सपाट, पण नव्या तारा मिळाल्या. त्या लावून नेल्या. दादांनी एकदा छेडून नकाराची मान हलवली आणि खूण केली, घेऊन जा.

म्हणून आम्ही ठरवलं, तारा जुन्या करायच्या. हसू नका, आम्ही हसत नव्हतो. गिटार गावोगाव फिरायला लागली. महिनाभर फलटणला प्रमोदकडे. तो कारखान्यातून आला की हात न धुता दोन तास वाजवायचा. मग सांगलीला सुहासकडे. त्यानं दुकानातलं ग्लिसरीन, पावडर, काय काय बोटांना लावून बघितलं. मग माझ्याकडे. मी कॉलेजातून आलो की घोंगडीचा तुकडा सारखा करायचा, डोळे मिटायचे आणि ती एकच जाड तार उघडी वाजवत बसायचं. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा बायकोनं सांगितलं की एका आजारी माणसासाठी आहे. नवस असावा असं त्यांना वाटलं.

या काळात टोनवर ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. रोज फक्त एवढंच यायचं, आज थोडी बसल्यासारखी वाटली. मग कुणीतरी अंगठा दाखवायचं. रशीदभाईंना मी विचारलं की काही युक्ती आहे का. ते तंबोऱ्याची तारांखालची घोडी कानस मारून घासत होते. "त्या तारेवर त्यांचा वीस वर्षांचा घाम होता," ते म्हणाले. "तुमचा कसा चालंल?"

पण आठव्या महिन्यात मला वाटलं, जमलं. तार खरंच दबली होती. कोरडी, बुटकी झाली होती. मी ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकली आणि प्रमोदनं लिहिलं, 'हेच.' दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मिरजेची एसटी धरली.

जालूदादा आणखी वाळले होते. मधे छातीत कफ होऊन दहा दिवस दवाखान्यात जाऊन आले होते. व्यायामाच्या मुलीचं येणं बंद झालं होतं. "काय सुधारणा न्हाई म्हनल्यावर कशाला," वहिनी दारातच म्हणाल्या. दादा दाराकडे तोंड करून कॉटवर बसले होते. मला बघून उजवा हात थोडा वर केला.

मी गिटार मांडीवर ठेवली. त्यांनी तार छेडली. डोळे मिटले. पुन्हा छेडली. तिसऱ्यांदा छेडताना त्यांनी घोंगडीचा तुकडा बोटानं किंचित पुढे ढकलला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. उभ्या आयुष्यात मी कुठल्या निकालाची एवढी वाट पाहिलेली नाही.

"न्हाई," ते म्हणाले.

"जवळ आलीय ना, दादा? अजून दोन-तीन महिने फिरवू आपण. प्रमोद म्हणतो..."

"मास्तर." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "लय केलंसा तुमी. जवळ हाय, पर ती माझी न्हाई. माझी व्हायला वीस वर्सं लागली हुती. आता कुटनं आनायची वीस वर्सं?"

मी रडलो. सांगायला लाज नाही. पन्नाशीला आलेला माणूस, मिरजेतल्या दोन खोल्यांत, चहाचा कप हातात धरून रडलो. माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली. "हातासाठी केलंसा," एवढंच म्हणाले, आणि मग वहिनींना सांगितलं की मास्तरांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नको. जेवणात मेथीची भाजी होती. ताटातलं सगळं मी संपवलं.

निघताना त्यांनी गिटारीकडे बोट दाखवलं. "घिऊन जावा. हितं नगं."

"राहू द्या, दादा. कधी वाटलं तर..."

"न्हाई वाटायचं," ते म्हणाले. त्यात चीड नव्हती. फाटकावर बसलेला माणूस भेटायची वेळ संपली म्हणून सांगतो, तसं सांगितलं.

मी गिटार पिशवीत घालून बाहेर आलो. चप्पल घालताना पिशवीचा पट्टा दाराच्या कडीत अडकला, तो सोडवायला वळलो, म्हणून दिसलं. दादांना मी गेलो असं वाटलं असावं. त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्या तळव्यावर उजव्या हाताची पहिली दोन बोटं चालत होती. एक, दोन, एक, दोन, अगदी लयीत, मधे योग्य तिथे थांबून. मान खाली होती आणि ते त्या तळव्याकडे एकटक बघत होते. टाचणी टोचली तरी कळत नाही, असा तो हात. त्याला यातलं काहीच कळत नव्हतं.